‘तक्रारी : शून्य’

कायद्याने सांगितलेले सगळे झाले की नाही हे तपासणाऱ्या यंत्रणेला कंपन्यांच्या भाषेत ‘कम्प्लायन्स’ म्हणतात. ही यंत्रणा वर्षागणिक सुधारत जावी, असे व्यवस्थापनाचे शास्त्र सांगते. आपल्यालाही ते मान्यच आहे. प्रश्न असा, की सुधारणा झाली हे ठरवायचे कुणी? फाइल ठेवणाऱ्याने, की जिच्यासाठी कायदा झाला तिने?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आपल्याला कुणी बहाल केलेला नाही. १९९२ साली राजस्थानात साथिन भंवरीदेवीवर बलात्कार झाला, संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १९९७ साली ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे आली. कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे अंतर्गत समिती, अध्यक्षपदी स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली, असे हा कायदा सांगतो. कंत्राटी, रोजंदारी आणि शिकाऊ बायकाही त्यात येतात.

एका कारखान्याच्या समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. पहिल्या वर्षी अहवालात ‘तक्रारी : शून्य’ असे लिहिलेले होते. समितीची सूचना इंग्रजीत होती आणि ऑफिसच्या भिंतीवर होती. साफसफाईच्या बायका तिथे फक्त केर काढायला जात. समिती ऑफिसातल्या मॅडमसाठी आहे, असे त्यांना वाटे. मग मराठी सूचना कँटीनमध्ये आणि कपडे बदलायच्या खोलीत लागली. कंत्राटदाराच्या बायकांची बैठक कामाच्या वेळेत, मुकादमाला बाहेर ठेवून झाली. पुढच्या वर्षी दोन तक्रारी आल्या. व्यवस्थापनाला ही घसरण वाटली. माझ्या मते त्या कारखान्यातली ती पहिली खरी सुधारणा होती.

२०२५ पासून कंपन्यांना संचालकांच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती नव्वद दिवसांहून अधिक रखडल्या, हे आकडे द्यावे लागतात. हे चांगलेच झाले. पण शून्याला शाबासकी मिळू लागली, तर तक्रार दाबणे हेच व्यवस्थापकाच्या सोयीचे ठरेल. म्हणून शून्य दिसले की आपण आणखी विचारले पाहिजे. किती कंत्राटी बायकांना कायदा समजावला? कोणत्या भाषेत? तक्रारीनंतर कामाच्या पद्धतीत काय बदलले? हजेरी, ओव्हरटाइम आणि उद्याचे काम एकाच मुकादमाच्या हातात असेल, तर बाई तोंड उघडणार कशी? त्याच्या हातातली ही सत्ता कमी होत नाही, तोवर पोस्टर कितीही लावा.

रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या कारखान्यांना हे प्रश्न विचारता येतील. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांचे काय? जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असते, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते. रंगकाम करणाऱ्या बाईने रोज बुडवून अलिबाग गाठावे, अशी कायद्याचीही अपेक्षा नाही. तालुक्याला एक समन्वय अधिकारी हवा आणि त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची, असे त्यातच लिहिले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नेमणुका पूर्ण करण्याची मुदतही घालून दिली.

तेव्हा मैत्रिणींनो, पेण आणि रोह्याच्या तहसील कचेरीत जाऊन या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर लेखी मागू या. तो मराठीत छापून बचत गटांत, एसटी स्टँडवर, कारखान्यांच्या फाटकांवर लावू या. समितीवर बोलावणे आले तर केवळ सहीपुरते जायचे नाही. भत्ता दिवसाला दोनशे रुपये आहे, प्रवासखर्च वेगळा. त्यात कुणी श्रीमंत होत नाही. पण अहवालावर सही करण्याआधी कंत्राटी बायकांना एकदा भेटण्याची अट आपण नक्की घालू शकतो.