आधी झाड, मग बेडूक

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या हातात बरण्या दिसू लागतात. परवा शेजारचा तिसरीतला मुलगा अशीच एक बरणी घेऊन धावत आला. आत बेडूक, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोके. ''काका, मी याला पाळणार! याला काय खायला घालू?'' मागून त्याची आई म्हणाली, ''भाऊजी, आता तुम्हीच समजवा याला.''

समजावण्याचा अधिकार मला आहे, कारण लहानपणी असाच एक बेडूक माझ्या हातून मेला. काचेच्या पेटीत खत घातलेली माती, कीटकनाशक फवारलेले क्रोटन आणि थेट नळाचे पाणी, असा महाल मी त्याच्यासाठी थाटला होता. तिसऱ्या दिवशी तो निपचित पडला. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्वचेतून शोषून घेतो, श्वासही काही प्रमाणात त्वचेनेच घेतो, हे मला फार उशिरा कळले. आपण ज्याला सजावट म्हणतो ते सारे त्याच्या अंगात मुरत असते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, आधी झाड लावावे, बेडकाचा विचार नंतर करावा. नर्सरीतून आणलेले रोप मुळांची माती झटकून स्वच्छ धुवावे, खत नसलेल्या मातीत लावून महिनाभर वेगळे ठेवावे. मनी प्लांटची पाने दणकट असतात, कमी उजेडातही ते तगते. नेच्यांना दमट हवा मानवते. ब्रोमेलियाडच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले काही इवलेसे बेडूक आपली पिल्ले पाठीवरून वाहून त्याच पाण्यात सोडतात. निवडुंगासारखे काटेरी झाड मात्र नको. तळाशी निचऱ्याला खडी, वर घट्ट बसणारी जाळी, पाणी क्लोरिन काढलेले. पेटी उन्हात ठेवली तर तिची भट्टी होते. हाताळणी कमीत कमी आणि त्यानंतर हात साबणाने धुणे सक्तीचे, कारण बेडकाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

ज्या पेटीत नेचा महिनाभर जगत नाही, त्या पेटीत बेडूक काय जगणार?

''मग पाळूच नये का?'' असे कुणी विचारील. प्राण्याच्या सहवासाने मुले हळवी होतात, हे मला मान्य आहे. पण रानातला बेडूक धरून आणण्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने आहेत, आणि साइटिस कराराच्या यादीतला परदेशी बेडूक असेल तर 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. ऑस्ट्रेलियातला हिरवा झाडबेडूक पंधरा वर्षेही जगतो. तिसरीतला मुलगा तोवर नोकरीला लागलेला असेल!

कंटाळा आला म्हणून नाल्यात सोडून देणे तर सर्वांत वाईट. 1999 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेल्या कायट्रिड बुरशीने जगभर शेकडो जातींच्या बेडकांची संख्या घटवली, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातूनही ती पसरली. आपल्याकडचा साधा बुलफ्रॉग माणसाबरोबर अंदमानात पोहोचला, तर तिथल्या स्थानिक बेडकांची पिल्ले त्याची पिल्ले फस्त करू लागली. पेटीतले पाणीही उघड्यावर ओतू नये, ते यासाठीच.

संध्याकाळी आम्ही दोघांनी तो बेडूक ज्या डबक्यातून आणला होता, तिथेच सोडला. मुलगा थोडा रडला. आता त्याच्या खिडकीत सावलीला एक काचेची पेटी आहे, तिच्यात नेचा आणि मनी प्लांट. तो दिवाळीपर्यंत हिरवा राहिला तर पुढचे बोलू, असे आमचे ठरले आहे. रोज शाळेतून आला की दप्तर टाकून तो आधी नवे पान फुटले का ते बघतो.