मोहल्ल्याची यादी कुणाच्या हातात?

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मेटा कंपनीशी हातमिळवणी केली आणि ‘आपले सरकार’च्या सुमारे ५०० सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याची घोषणा केली. सरकारला हे आता सुचलं, पण आपल्या मोहल्ल्यांना ते कधीपासून माहीत आहे: माणूस कचेरीत भेटो न भेटो, व्हॉट्सॲपवर भेटतोच. प्रश्न एवढाच की तिथे भेटल्यावर आपण त्याला देतो काय?

बहुतेक वेळा फॉरवर्ड. केंद्राची अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी आणि दहावीपुरती उरली. तरी ‘पहिली ते दहावीच्या सर्व मुलांनी अर्ज करा’ हा जुना मेसेज अजून फिरत असतो. ग्रुप म्हणजे मस्जिदीतलं ऐलान. जनाज्याची वेळ सांगायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण समजा, नंदुरबारजवळच्या कोरीटमधल्या एखाद्या मुलीनं महाडीबीटीवर राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि उत्पन्नाच्या दाखल्यात खोट निघाली म्हणून तो परत आला. तिला ऐलानाचा काय उपयोग? तिला तिच्या नावानं एक निरोप हवा: हा कागद, या तारखेच्या आत. दाखल्यासाठी तहसील कचेरीची एक फेरी म्हणजे घरातल्या कुणाचा तरी एक दिवसाचा रोज बुडणं. निरोप चार दिवस उशिरा आला तर रोजही जातो आणि शिष्यवृत्तीही.

असा निरोप वेळेवर पाठवण्याचं काम यंत्राला देता येतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून खात्रीनं सांगतो, हे अवघड नाही. व्हॉट्सॲपचा क्लाउड एपीआय २०२२ पासून छोट्या संस्थेलाही थेट मेटाकडून घेता येतो. ‘कर्ल’ हे कमांड लाइनवरचं साधन १९९८ पासून आहे आणि फुकट आहे. त्याच्या एका कमांडमध्ये टोकन, समोरचा नंबर आणि मंजूर झालेल्या टेम्प्लेटचं नाव दिलं की मेसेज जातो. ती कमांड क्रॉनमध्ये ठेवली की रोज सकाळी ठरल्या वेळी आपोआप चालते. आलेली उत्तरं वेबहुकवर येतात. ती वाचून पुढचं पाऊल ठरवायला एन-एट-एनसारखं वर्कफ्लोचं साधन स्वतःच्याच सर्व्हरवर बसवता येतं. चकचकीत डॅशबोर्ड विकणाऱ्या कंपनीकडे जाण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो. चार फाइलींत सगळं लिहिलेलं असतं, आणि उद्या तुम्ही पुण्याला किंवा दुबईला गेलात तरी मागचा मुलगा किंवा मुलगी ते वाचून चालवू शकते.

नियम मात्र नीट समजून घ्या. समोरच्यानं मेसेज केल्यापासून २४ तास तुम्ही मोकळेपणानं बोलू शकता. त्यानंतर आपणहून बोलायचं तर आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेटच पाठवावा लागतो, आणि जुलै २०२५ पासून त्याचे पैसे मेसेजमागे लागतात. टेम्प्लेटमधून आवाजाची फीत जात नाही. नंदुरबारमध्ये ही अडचण मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात साक्षरता ६४ टक्के होती, राज्यात ८२. घरात बोली अहिराणी, भिली किंवा आपली उर्दू. छापील मराठीतला सरकारी निरोप वाचणार कोण? यावर उपाय सोपा आहे. टेम्प्लेटच्या खाली ‘ऐका’ असं बटण द्या. आईनं ते दाबलं की तिच्याकडून मेसेज आला असं धरलं जातं, २४ तासांची खिडकी उघडते, आणि तिच्या बोलीत रेकॉर्ड केलेला निरोप विनाशुल्क जातो.

इथपर्यंत सगळं छान आहे. खरा विचार पुढे करायचा आहे. हे यंत्र चालायला एक यादी लागते: नाव, नंबर, इयत्ता, गाव, योजना. योजना अल्पसंख्याकांची, म्हणजे धर्मही त्यात आलाच. मग कुणीतरी म्हणतो, उत्पन्नही लिहून घेऊ. कुणी म्हणतो, आधारचा फोटो मागवून ठेवू, पुन्हा पुन्हा त्रास नको. बघता बघता एका पोराच्या लॅपटॉपवर पूर्ण मोहल्ला येऊन बसतो.

आपल्या समाजाला यादीची धास्ती वाटते ती उगाच नाही. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानं १९९८ च्या अहवालात नोंदवलं आहे की मुसलमानांवर हल्ले करणाऱ्यांच्या हातात दुकानांच्या आणि मतदारांच्या याद्या होत्या. त्यातल्या मतदार याद्या दंगलीसाठी बनल्या नव्हत्या. मतदार यादी मतदानासाठीच असते. यादी बनवणाऱ्याची नियत चांगली होती, एवढ्यानं यादी सुरक्षित होत नाही.

आता आपल्या साधनांकडे बघा. कमांडमध्ये टोकन सरळ टाइप केलं तर ते टर्मिनलच्या इतिहासात तसंच पडून राहतं. एन-एट-एन प्रत्येक वर्कफ्लोमधून गेलेली माहिती स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. सेटिंग बदललं नाही तर साधारण १४ दिवस. साठवलेल्या सगळ्या चाव्या उघड्या मजकुरात बाहेर काढणारी कमांडही त्यात आहे, एका ओळीची. सर्व्हरवर बसलेल्या कुणालाही ती चालवता येते. आणि क्लाउड एपीआयवरचं बोलणं घरच्यांशी होणाऱ्या चॅटसारखं नसतं. संस्थेच्या वतीनं मेटाचा सर्व्हर मेसेज उघडतो आणि पुढे देतो. म्हणून आधारचा फोटो या वाटेनं मागवूच नये, असं माझं ठाम मत आहे. आठवण द्यायला आधार लागत नाही.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे: अमानत. दुसऱ्याची ठेव. ती वाढवायची नसते, कुणाला दाखवायची नसते, आणि वेळ झाली की परत करायची असते. यादीला हाच नियम लावा. नंबर, इयत्ता, योजना, तारीख आणि बोली, यापुढे काही लिहून घेऊ नका. समोरच्यानं स्वतः ‘हो’ पाठवल्याशिवाय नाव घालू नका, आणि ‘बंद’ आलं की त्याच दिवशी काढा. नंबर कुणाचा आहे तेही विचारा. मुलीच्या अर्जाचा निरोप भावाच्या फोनवर जात असेल तर तो तिच्यापर्यंत पोचेलच असं नाही. नववी-दहावीची मुलं तर अठरा वर्षांखालची. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. कायदा पूर्ण लागू होईपर्यंत थांबण्याची आपल्याला गरज नाही.

कुणी विचारेल, एवढी भानगड कशाला, फोन करा ना. बरोबर आहे. मोहल्ल्यात चाळीस मुलं असतील तर एक वही आणि एक जबाबदार माणूस पुरतो. तिथे सर्व्हर बसवणं ही निव्वळ हौस आहे. पण पाच-सात गावांची तीनशे मुलं झाली की वहीवाला थकतो, आणि सगळ्यात गरीब घर सगळ्यात आधी विसरलं जातं. तेव्हा यंत्रानं तारीख सांभाळावी आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची नावं सकाळी कार्यकर्त्यासमोर ठेवावी. फोन माणसानंच करायचा. ‘मी पात्र आहे का’ याचं उत्तरही बॉटवर सोपवू नये. चुकीच्या उत्तराचं वर्ष त्या मुलाचं जातं, बॉटचं नाही.

देशातलं पहिलं आधार याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. यंत्रणा इथे सगळ्यांच्या आधी पोचली होती. पण कार्डावर नंबर येणं आणि हातात हक्क येणं यांत किती अंतर असतं, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. आपण दुसरी यंत्रणा उभी करतोय तर ती त्या अंतरावर काम करणारी असावी. माणसं गोळा करून ठेवणारी आणखी एक यादी नको.

तुमच्यातले बरेच जण संगणक शिकताय, शिकलाय. सुट्टीच्या दोन दिवसांत हे सगळं उभं राहील. पण पहिली कमांड लिहिण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: चावी कुणा दोघांकडे असेल, यादी कोण पुसेल, आणि कोणत्या तारखेला. तो कागद गावातल्या लोकांना वाचून दाखवा. त्यांनी मान डोलावली तर लॅपटॉप उघडा.