उंदराचे वृक्क आणि आमचा रुग्ण

मधुमेहजन्य वृक्कविकारावर अमुक वनस्पतीचा अर्क गुणकारी ठरला, असे शोधनिबंध आज विपुल प्रसिद्ध होतात. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. वाग्भटाचार्यांनी प्रमेहावर श्रेष्ठ मानलेल्या निशा-आमलकीतील हरिद्रेच्या कर्क्युमिनाने मधुमेही उंदरांच्या मूत्रातील अल्ब्युमिन कमी झाले, हे वाचून कोणा वैद्यास समाधान वाटणार नाही? परंतु त्या बळावर रुग्णास आश्वासन दिले जाते, तेव्हा सावध करणे आम्हांस कर्तव्य वाटते.

हे प्रयोग होतात कसे? स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून तरुण उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करतात. काही दिवसांतच रक्तशर्करा वाढते. पुढील काही आठवड्यांत वृक्कात मॅक्रोफेज पेशी जमून दाह सुरू होतो आणि मूत्रावाटे अल्ब्युमिन जाऊ लागते. दाहाचा हा क्रम समजून घेण्यास असा प्रयोग निश्चितच उपयुक्त आहे. तथापि मानवी विकाराची प्रगत अवस्था, वृक्क निकामी होणे, त्यात क्वचितच दिसते. शिवाय ते द्रव्य स्वतःच वृक्कास विषारी आहे, आणि पुष्कळ प्रयोगांत अर्क विकृती रुजण्यापूर्वीच सुरू केलेला असतो. पंधरा वर्षांचा मधुमेह व उच्च रक्तदाब घेऊन येणारा आमचा रुग्ण या उंदराहून फार निराळा आहे.

आधुनिक वैद्यकासही हा धडा महागात पडला. बार्डोक्सोलोन हे दाहविरोधी औषध प्राथमिक मानवी चाचणीतही आशादायक वाटले होते. पुढे २,१८५ रुग्णांवरील मोठी चाचणी हृदयविफलतेचे प्रमाण वाढल्याने २०१२ मध्ये थांबवावी लागली.

उपेक्षित प्रमेह कालांतराने मधुमेह होऊन असाध्य होतात, असे सुश्रुताचार्यांनी बजावले आहे. म्हणून वैद्यबंधूंस आमची विनंती आहे, की प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या मूत्रातील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर व रक्तातील क्रिएटिनिन वर्षातून किमान एकदा तपासावे. गुणोत्तर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम वा अधिक राहिल्यास वृक्कतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. रुग्णाची चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. आपल्या चिकित्सेच्या नोंदी, यशाच्या तशाच अपयशाच्याही, प्रामाणिकपणे ठेवाव्यात. उंदरावरील प्रयोग प्रश्न सुचवितो; उत्तर मात्र आपल्या रुग्णांच्या नोंदींतून व रीतसर चाचण्यांतूनच मिळेल. तोवर रुग्णाचा मोलाचा काळ आपल्या हातून वाया जाऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.