तुटलेल्या पोलादाची साक्ष

१/ लोखंड मोडून आतील कण पाहायचे आणि प्रत ओळखायची, ही धातुकारागिरांची जुनी विद्या. फ्रान्समधील रेओम्यूरने १७२२ साली पोलादावरील आपल्या ग्रंथात तिचे पद्धतशीर वर्णन केले. पण ती पारख नजरेची होती. तिला आकडा नव्हता.

२/ १९८४ साली तो आकडा सापडल्यासारखे वाटले. मँडेलब्रॉट, पासोया आणि पॉले यांनी ‘नेचर’मध्ये मांडले की, धातूचे भंगपृष्ठ फ्रॅक्टल असते, जितके जवळून पाहावे, तितका खडबडीतपणात नवा खडबडीतपणा दिसतो. सपाट पृष्ठाची मिती २. याची २ आणि ३ यांच्या दरम्यानची.

३/ मोजण्याची युक्ती देखणी होती. तुटलेल्या पृष्ठावर निकेल चढवून ते थोडे थोडे घासत नेले. पोलादाची शिखरे निकेलच्या समुद्रातील बेटांसारखी उघडी पडली. बेटांचा परिघ आणि क्षेत्रफळ यांच्या नात्यातून मिती निघाली. निष्कर्ष असा: तुटताना पोलाद जितकी जास्त ऊर्जा शोषते, तितकी मिती कमी.

४/ म्हणजे तुकडा पाहून चिवटपणा सांगता येणार! पण हा पुरावा एकाच प्रकारच्या पोलादाचा होता. १९९० मध्ये बुशो आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर चार वेगवेगळ्या उष्णताप्रक्रिया केल्या. चिवटपणा बदलला, खडबडीतपणाचा घातांक मात्र सुमारे ०.८ वरच राहिला. पुढे इतर अनेक पदार्थांतही त्याच्या जवळपासचे आकडे मिळाले.

५/ ‘मँडेलब्रॉट चुकले’ एवढे लिहून थांबणारा इतिहास आळशी ठरेल. भंगपृष्ठ फ्रॅक्टल असते, हे निरीक्षण टिकले. कोसळला तो मितीपासून चिवटपणापर्यंत घाईने बांधलेला पूल. जो घातांक निरनिराळ्या पदार्थांत सारखाच येतो, तो एखाद्या पदार्थाची ओळख कशी पटवणार? तो भेग पुढे सरकण्याच्या रीतीविषयी बोलतो. पदार्थाची खूण शोधायची ती हा खडबडीतपणा किती लांबीपर्यंत टिकतो, यात. कारण ती मर्यादा भेगेच्या टोकापुढील इजा झालेल्या क्षेत्राशी निगडित असते.

६/ हा वाद केवळ पुस्तकी नाही. यंत्राचा मोडलेला भाग तपासणारा अभियंता चुकीच्या आकड्यावर विसंबला, तर पुढचा भागही मोडेल.

७/ एका ताम्रपटावरून साऱ्या राज्याचा कारभार ठरवू नये, हे इतिहासाचा अभ्यासक जाणतो. एका पोलादावरून साऱ्या धातूंचा नियम ठरवणे हीच चूक होती. साक्ष खरी होती. तिला विचारलेला प्रश्न चुकला होता.