भीतीचा खेळ आणि वेड्याचा मुखवटा

भीति आणि करमणूक यांचें सख्य जुनेंच आहे. आपल्याकडे आजीच्या गोष्टींतील समंध व हडळ जें काम करीत, तेंच अमेरिकेंतील करमणुकीच्या बागा हॅलोवीनच्या मोसमांत तिकीट लावून करितात. कॅलिफोर्नियांत ब्यूना पार्क येथें 'नॉट्स बेरी फार्म' नांवाची बाग आहे. तेथें १९७३ सालीं या भयरात्रींचा आरंभ झाला. बागेंत जुन्या खाणवाल्यांच्या ओसाड गांवाची प्रतिकृति होतीच. तींत कृत्रिम धुकें सोडावें, आणि त्या धुक्यांतून मुखवटे घातलेले नट अंगावर यावे, एवढीच मूळ कल्पना. गुडघ्यांस धातूचीं कवचें बांधून जमिनीवरून घसरत येणारीं भुतें हा तेथील खास प्रकार. १९९१ सालीं फ्लॉरिडांतील युनिव्हर्सल स्टुडिओनेंही हाच मार्ग धरिला.

३१ ऑक्टोबर ही सकलसंतदिनाची पूर्वसंध्या. हॅलोवीन हें नांवही त्यावरूनच पडलें. त्या सुमारास असा भुतांचा बाजार मांडावा हें आमच्या कित्येक ख्रिस्ती बंधूंस रुचत नाहीं. मुलांनीं भोपळ्याच्या दिव्याला भिऊन मग खदखदां हसावें, यांत मला तरी विशेष पाप दिसत नाहीं. माझा आक्षेप निराळा आहे.

सप्टेंबर २०१६ मध्यें याच नॉट्स बागेनें एक नवा खेळ काढिला. प्रेक्षकास रुग्णालयांतील खुर्चीस जखडावयाचें, डोळ्यांवर आभासी देखावे दाखविणारा चष्मा चढवावयाचा, आणि मोकाट सुटलेल्या मनोरुग्णाचें भय दाखवावयाचें. खेळाच्या नांवांत ५१५० हा आंकडा होता. मनोविकारामुळें जो स्वतःस किंवा इतरांस अपाय करील अशी भीति असते, त्यास ७२ तासांपर्यंत रुग्णालयांत ठेवण्याची मुभा देणारें कॅलिफोर्नियाच्या कायद्याचें हें कलम. ज्या घरांतून कोणास तसें न्यावें लागलें, त्या घरच्यांनीं तो आंकडा जाहिरातींत कोणत्या मनानें वाचला असेल? मनोरुग्णांचा कैवार घेणाऱ्या संस्थांनीं हरकत घेतली. प्रथम आंकडा गाळला गेला, व कांहीं दिवसांतच खेळ बंद झाला. त्यापूर्वीं, २०१३ सालीं, इंग्लंडांतील थॉर्प पार्कच्या 'दि असायलम' या भुलभुलैयाविरुद्धही अशीच तक्रार झाली होती.

"हा केवळ खेळ, खरें कोण मानतो?" असें यावर उत्तर देण्यांत येतें. तें मला पटत नाहीं. समंधाचा मुखवटा काढला कीं मागें कोणीच उरत नाहीं. वेड्याचा मुखवटा काढला तर मागें कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी आई उभी असते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत थडग्यांमध्यें राहणारा, सांखळ्या तोडणारा एक मनुष्य आहे. अशा खेळांचा नायकच तो! लोक त्याला बांधूं पाहत. प्रभूनें त्याला नांव विचारिलें. पुढें तो वस्त्रें नेसून शुद्धीवर बसलेला दिसला, तेव्हां गांवकरी भ्याले. या ठिकाणीं मी प्रत्येक वेळीं थबकतों.

आपल्या पटांगणांत भयरात्री भरत नाहींत, हें खरें. परंतु एखादा मुलगा एकलकोंडा राहिला, स्वतःशींच पुटपुटला, कीं "याला येरवड्यास धाडा" हा विनोद होतोच. हंशा पिकतो, आणि ज्याच्या घरचें कोणी खरोखर येरवड्यास आहे, तोही त्या हंशांत सामील होतो. न होऊन बिचारा सांगणार काय?

नॉट्सचा तो एक खेळ गेला म्हणून उत्सवाचें कांहीं अडलें नाहीं. २०२३ सालीं त्याला पन्नास वर्षें झालीं. धुकें तसेंच आहे, घसरत येणारीं भुतें आहेत, आणि पैसे देऊन भिणारेही आहेत.