पशुखाद्यातील नफा, रुग्णशय्येवरील तोटा

प्रतिजैविक औषधांचा गुण ही समाजाची सामायिक संपत्ती आहे. गावचे गायरान एकाने चारून संपविले, तर सर्वांचीच गुरे उपाशी राहतात. तसेच या औषधांचे आहे. त्यांचा बेसुमार वापर झाला, की त्यांना दाद न देणारे जीवाणू बळावतात व औषध सर्वांसाठीच निकामी होऊ लागते. उजाड गायरान निदान डोळ्यांना दिसते. औषधाचा ओसरलेला गुण मात्र रुग्ण दगावू लागेपर्यंत लक्षात येत नाही.

हा धोका नवा नाही. मानवी उपचारात लागणारी प्रतिजैविके जनावरांचे वजन वाढविण्यासाठी खाद्यात मिसळू नयेत, असे ब्रिटनमधील स्वान समितीने 1969 मध्येच बजावले होते. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळून केलेला प्रयोग 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. काही महिन्यांतच त्या फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही प्रतिरोधी जीवाणू वाढलेले आढळले. असे असूनही वजनवाढीसाठी होणारा हा वापर युरोपीय संघात पूर्णतः बंद होण्यास 2006 साल उजाडावे लागले. पुरावा अपुरा असल्याचा घोष उद्योगांनी चालविला आणि सरकारांनी तो ऐकून घेतला.

कोलिस्टिनची कथा या संदर्भात बोलकी आहे. मूत्रपिंडाला अपायकारक म्हणून हे औषध एकेकाळी मागे पडले होते. इतर औषधे निष्प्रभ ठरू लागल्यावर तेच डॉक्टरांचा अखेरचा आधार बनले. चीनमध्ये मात्र ते डुकरांच्या खाद्यात टनावारी मिसळले जात होते. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे एमसीआर-1 हे जनुक सापडल्याचे तेथील संशोधकांनी नोव्हेंबर 2015 मध्ये जाहीर केले. हे जनुक प्लास्मिडवर, म्हणजे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणाऱ्या जनुकीय तुकड्यावर असते. जनावरांच्या 804 नमुन्यांपैकी 166, कच्च्या मांसाच्या 523 पैकी 78 आणि रुग्णांच्या 1,322 पैकी 16 नमुन्यांत ते आढळले. उगम कोठे असावा, हे या उतरत्या क्रमावरूनच सूचित होते.

2017 मध्ये चीनने वजनवाढीसाठी कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली. पशुखाद्यात मिसळावयाच्या कोलिस्टिन-मिश्रणाचे उत्पादन 2015 मधील सुमारे 27 हजार टनांवरून 2018 मध्ये अडीच हजार टनांच्या आसपास आले. त्यानंतरच्या पाहण्यांत हे जनुक डुकरांत आणि माणसांतही लक्षणीय प्रमाणात घटलेले दिसले. सामाजिक निर्णयाने बाजाराला वेसण घालता येते आणि तिचा लाभ जनतेच्या आरोग्याला मिळतो, याचा हा निःसंदिग्ध दाखला होय.

भारतानेही जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी केली. ती स्वागतार्हच आहे. परंतु तपासणीवाचून बंदी म्हणजे कागदी वाघ. शिवाय दोषाचे खापर कोणाच्या माथी फोडावयाचे, हाही प्रश्न आहे. करार पद्धतीच्या कुक्कुटपालनात पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड आणि श्रम शेतकऱ्याचे. खाद्यात काय आहे हे ठरविण्याचा अधिकार ज्याला नाही, त्यालाच गुन्हेगार ठरविणे अन्याय्य आहे. नफा कंपनीच्या खात्यावर आणि तोटा रुग्णाच्या कुटुंबावर, अशी ही विभागणी आहे; अर्थशास्त्र तिला बाह्य परिणाम म्हणते, साध्या मराठीत तिला लूट म्हणतात.

हेच जनुक शेडमधील कोंबडीत, तिला दाणा घालणाऱ्या मजुरात आणि तालुक्याच्या रुग्णालयातील रुग्णात आहे काय, ते कोठून कोठे गेले, हे शोधण्याचे काम चिकाटीचे असते. विद्यापीठांतून ते बव्हंशी पीएच.डी.चे विद्यार्थी करतात. त्यांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे, नमुने घेण्यासाठी शेडची दारे उघडली पाहिजेत आणि पशुखाद्यातील औषधांच्या विक्रीचे आकडे जाहीर झाले पाहिजेत. कार्यकर्त्यांनी या तीन मागण्या कुक्कुटपालक, शेतमजूर आणि रुग्ण यांच्या संयुक्त व्यासपीठावरून मांडाव्यात. या तिघांचे हितसंबंध परस्परविरोधी असल्याचा भास निर्माण करण्यातच नफेखोरांचे हित आहे; तो भास मोडून काढणे हे समाजवादी चळवळीचे कर्तव्य आहे.