सामन्यांतील गणवेषाचा रंग

दोन संघ एकाच रंगाचे सदरे घालून मैदानावर उतरले तर कोणीं आपला रंग बदलावा, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक दिसतो. ज्यांस खेळाची गोडी नाहीं असे गृहस्थ म्हणतील कीं, पोरांनीं सदऱ्याकडे न पाहतां चेंडूकडे पाहावें म्हणजे झालें. परंतु अलीकडे या सदऱ्यांवरून आमदारांपासून पारावरच्या मंडळींपर्यंत सर्वांनीं इतकीं मतें दिलीं आहेत कीं, त्याविषयीं चार शब्द लिहिणें अस्थानीं होणार नाहीं. शिवाय आमच्या देवळ्यासारख्या गांवीं हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा राहत नाहीं. मुलाची निवड शाळेच्या संघांत झाली कीं, आनंदाबरोबरच नव्या सदऱ्याचा खर्चही घरीं येतो. आणि ज्या वर्षीं कांद्याच्या पट्टींतून हमाली व वाहतूक वजा जातां हातीं फारसें कांहीं उरत नाहीं, त्या वर्षीं तो खर्च बापास जड जातो. म्हणून रंगाचा नियम करणाऱ्यानें तो कां केला, हें विचारण्याचा हक्क पालकांस आहे असें आम्हांस वाटतें.

ज्या प्रकरणानें आपल्याकडे सर्वांत अधिक गलबला झाला तें प्रथम पाहूं. सन २०१९ मध्यें इंग्लंडांत क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्यासाठीं आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा असा नियम होता कीं, ज्या संघांचे रंग परस्परांशीं जुळतात त्यांनीं दुसऱ्या रंगाचा एक वेष जवळ बाळगावा. मात्र यजमान देशास आपला रंग राखण्याचा मान असावा. इंग्लंडचा वेष निळा आणि आपलाही निळा. तेव्हां ३० जून रोजीं बर्मिंगहॅम येथील एजबॅस्टनच्या मैदानावर आपला संघ नारिंगी व गडद निळ्या रंगाचा सदरा घालून उतरला. सामना होण्यापूर्वींच महाराष्ट्रांत वादास तोंड फुटलें. समाजवादी पक्षाचे मुंबईतील आमदार अबू आझमी यांनीं, हा सर्व देशास भगवा रंग देण्याचा डाव आहे, असा आक्षेप घेतला. त्यावर, राष्ट्रध्वजांतील सर्वांत वरच्या पट्ट्याच्या रंगाचें एवढें वावडें कां, असा उलट सवाल पुष्कळांनीं केला. सामन्यांत इंग्लंडनें ३३७ धावा केल्या, आपल्या ३०६ झाल्या आणि ३१ धावांनीं आपण हरलों. त्या स्पर्धेंतील तो आपला पहिलाच पराभव. तेव्हां जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनीं पराभवाचें खापर त्या सदऱ्यावरच फोडलें! आम्हांस एवढेंच दिसतें कीं, बेअरस्टोनें १११ धावा काढल्या त्या आपल्या गोलंदाजांच्या चेंडूंवर, सदऱ्यावर नव्हे. आणि रोहित शर्मानें १०२ धावा काढल्या त्या त्याच नारिंगी सदऱ्यांत, त्यास तो मुळींच बोचला नाहीं.

एका पक्षानें त्या रंगांत आपली पताका पाहिली, दुसऱ्यानें परक्याची. पण मुळांत सदरा बदलण्याची गरज होती काय, हा साधा प्रश्न त्या कोलाहलांत बाजूस राहिला. आमच्या मतें ती गरज नव्हती. याचा पुरावा आपल्याच मुंबईंत आहे. २ एप्रिल २०११ रोजीं वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना भारत व श्रीलंका यांच्यांत झाला. आपला संघ निळ्या वेषांत होता आणि श्रीलंकेचाही गडद निळ्या. धोनीनें कुलसेकराच्या चेंडूवर षट्कार मारून सामना संपविला, तेव्हां चेंडू कोणीं मारला व कोणास मारला याविषयीं सबंध देशांत एकाही मनुष्याचा गोंधळ झाल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. पुढें २६ मार्च २०२३ रोजीं ब्रेबॉर्न मैदानावर स्त्रियांच्या प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना मुंबई व दिल्ली या संघांत झाला. तेथेंही दोन्हीकडे निळाच रंग होता आणि कोणाचें कांहीं अडलें नाहीं. अडावें तरी कां? क्रिकेटमध्यें फलंदाजाच्या हातांत बॅट व पायांस पॅड असतात. मैदानावर एका पक्षाचे अकरा तर दुसऱ्याचे अवघे दोन. १९९२ पूर्वींच्या सर्व विश्वचषक स्पर्धा पांढऱ्या कपड्यांतच झाल्या, कपिलदेवांनीं १९८३ सालीं चषक उचलला तो पांढऱ्याच सदऱ्यांत, आणि कसोटी सामन्यांत आजही दोन्ही संघ पांढरेच असतात. तेव्हां क्रिकेटमधील हा नियम पंचाच्या सोयीसाठीं नसून दूरचित्रवाणीवरील शोभेसाठीं आहे, आणि एकाऐवजीं दोन प्रकारचे सदरे बाजारांत विकतां आले तर व्यापाऱ्यास तें नको असतें असेंही नाहीं.

परंतु एवढ्यावरून सर्वच खेळांतील रंगाचे नियम व्यर्थ समजूं नयेत. फुटबॉल घ्या. बावीस खेळाडू एकमेकांत मिसळून धांवत असतात. कोल्हापुरांत शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ व शिवाजी तरुण मंडळ यांची गांठ पडते तेव्हां पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात. अशा गर्दींत व गोंगाटांत चेंडू पायाशीं आलेल्या मुलास मान वर करून चेहरे ओळखण्यास सवड कोठली? डोळ्याच्या कोपऱ्यांतून जो रंग दिसेल तिकडे तो चेंडू ढकलणार. म्हणून फुटबॉलच्या चौथ्या नियमांतच सांगितलें आहे कीं, दोन संघांचे रंग एकमेकांपासून व पंचांपासून वेगळे असावेत आणि गोलरक्षकाचा सर्वांहून वेगळा असावा. हॉकीचें तेंच. कबड्डींत चढाई करणारा एकटाच पलीकडे जातो, तेथें गोंधळ थोडा; तथापि मध्यरेषेवर पांच-सहा जणांची रास पडली आणि तिच्याखालून एक हात रेषेस लागला, तर तो हात कोणाचा हें बाहीच्या रंगावरूनच पंच सांगूं शकतो. व्हॉलीबॉलमध्यें मध्यें जाळेंच असल्यामुळें दोन संघांची सरमिसळ होत नाहीं. पण १९९८ पासून ‘लिबेरो’ नांवाचा जो खास बचाव करणारा खेळाडू आला, त्याचा सदरा त्याच्याच संघाहून निराळा असावा लागतो, कारण त्याच्यावरील बंधनें निराळीं आहेत व पंचास तो चटकन् ओळखूं यावा लागतो. खो-खोमध्यें मात्र बसलेले कोण आणि पळणारे कोण हें आंधळ्यासही कळावें!

रंगभेदाची खरी गरज काय असते हें सांगणारी एक मौजेची हकीकत आहे. १९७८ सालीं अर्जेंटिनांत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा चालू असतां मार देल प्लाता या शहरीं फ्रान्स व हंगेरी यांचा सामना होता. फ्रान्सचा रंग निळा, हंगेरीचा लाल. आपल्या डोळ्यांस यांत कांहीं अडचण दिसणार नाहीं. परंतु त्या काळीं असंख्य घरीं दूरचित्रवाणीचें चित्र कृष्णधवल असे व त्यांत निळा आणि लाल दोन्हीही सारखेच करडे दिसत. म्हणून एका संघानें पांढरे सदरे घालावेत असें ठरलें. पण निरोपांत घोटाळा होऊन दोन्ही संघ पांढरेच सदरे घेऊन आले! सामना खोळंबला. अखेर किंबर्ले नांवाच्या तेथील एका स्थानिक संघाचे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे मागून आणले गेले, ते अंगांत घालून फ्रान्सचे खेळाडू उतरले आणि तीन विरुद्ध एक गोलनें जिंकले. जगांतील एका नामांकित संघानें गांवच्या मुलांचे सदरे उसने घेतले व त्यायोगें त्याच्या राष्ट्राची अब्रू गेली नाहीं, ही गोष्ट सदऱ्यावरून हातघाईवर येणाऱ्यांनीं जरूर वाचावी.

याच हकीकतींत दुसराही एक धडा आहे. रंगांची नांवें निराळीं असून भागत नाहीं. एक रंग उजळ व दुसरा गडद पाहिजे. ज्यांस लाल व हिरवा यांतील भेद दिसत नाहीं अशीं माणसें आपल्यांतही असतात, व त्यांत पुरुषांचें प्रमाण स्त्रियांहून कितीतरी अधिक असतें. २०१५ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा एक सामना झाला. बफेलोचा संघ नखशिखांत लाल आणि न्यूयॉर्क जेट्सचा नखशिखांत हिरवा. पाहणाऱ्यांस शोभा वाटावी म्हणून केलेल्या या थाटानें रंगांध प्रेक्षकांस मैदानावर एकच संघ धांवतांना दिसला व त्यांनीं तक्रारींचा पाऊस पाडला. वर्गांतील एखादा मुलगा पुनःपुन्हा चेंडू भलत्याच गड्याकडे देतो म्हणून त्यास वेंधळा म्हणण्यापूर्वीं शिक्षकांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

आतां रंग कोणाचा, या प्रश्नाकडे येऊं. कारण प्रेक्षकांचीं मनें दुखतात तीं येथें. ऑस्ट्रेलियांत त्या देशाचा स्वतःचा असा एक फुटबॉल खेळला जातो. लंबवर्तुळाकार मैदान, प्रत्येक पक्षाचे अठरा खेळाडू आणि सगळे सर्वत्र पसरलेले. तेव्हां तेथें रंगभेद अत्यावश्यक. ॲडलेड शहरीं पोर्ट ॲडलेड हा १८७० सालीं स्थापन झालेला संघ आहे. १९०२ पासून त्याचा सदरा काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा. त्यास लोक लाडानें ‘तुरुंगाचे गज’ म्हणतात. १९९७ मध्यें हा संघ राष्ट्रीय स्पर्धेंत दाखल झाला तेव्हां तेथें कॉलिंगवूड हा मेलबर्नचा जुना संघ काळे-पांढरे पट्टे मिरवीत अगोदरच बसलेला होता. पोर्टला आपले गज सोडून नवा रंग घ्यावा लागला. ज्यांच्या आज्यानें व बापानें तो सदरा घातला त्यांस हें किती झोंबलें असेल हें सांगावयास नको. १५० व्या वर्षाच्या निमित्तानें २०२० सालीं त्यांस एकदां परवानगी मिळाली. परंतु २०२१ मध्यें मागितली असतां नकार मिळाला व आज्ञा मोडल्यास गुण कापण्याची तंबी देण्यांत आली. खेळाडूंनीं आज्ञा पाळली, सामना जिंकला आणि मग आंत खोलींत जाऊन तेच जुने सदरे अंगांत चढवून विजयगीत म्हटलें! पुढें २०२३ मध्यें त्याच शहरांतील दुसऱ्या संघाशीं होणाऱ्या सामन्यासाठीं परवानगी मिळाली.

या वादांत आमचा कौल पोर्टच्या प्रेक्षकांकडे आहे, पण अर्धाच. समोर कॉलिंगवूड असेल त्या दिवशीं त्यांनीं मुकाट्यानें दुसरा सदरा घालावा, कारण त्या दिवशीं खरोखरच गोंधळ होईल. परंतु समोर निळा, लाल व पिवळा असा वेष करणारा संघ असतां, काळा-पांढरा रंग ही जणूं एकाच संघाची वडिलोपार्जित जमीन आहे अशा थाटानें दुसऱ्यास अडविणें हें न्यायाचें नव्हे. डोळ्यांचा घोटाळा जेथें होतो तेथें नियम असावा. त्याच्या पलीकडे ज्याचा रंग त्यास राहूं द्यावा. आपल्या २०१९ च्या प्रकरणासही हेंच लागू. ज्यास निळ्या सदऱ्याविषयीं जिव्हाळा होता त्याचें दुःख आम्हांस समजतें. नारिंगी रंगांत एखादा पक्ष किंवा पंथ शोधणाऱ्याचें दुःख, मग तो कोणत्याही बाजूचा असो, आम्हांस समजत नाहीं.

एका गोष्टीविषयीं मात्र प्रेक्षकांचें मत मुळींच विचारूं नये, तर खेळणारींस विचारावें. खेळाचा पोशाख पांढरा शुभ्र असावा हा दंडक पुरुषांनीं घातलेला आहे. महिन्यांतील कांहीं दिवस पांढरी चड्डी घालून मैदानावर उतरण्याचा मुलींस किती संकोच वाटतो हें मातांस ठाऊक आहे. विम्बल्डनसारख्या पांढऱ्या वेषाबद्दल हट्टी असलेल्या ठिकाणींसुद्धां २०२३ पासून स्त्रियांस आंतील चड्डी गडद रंगाची घालण्याची मुभा मिळाली. जी मुलगी कांहींतरी सबब सांगून संघांतून नांव काढून घेते, तिची खरी अडचण पुष्कळदां हीच असते. काळ्या किंवा निळ्या कापडास पांढऱ्याहून अधिक पैसे पडत नाहींत. तेव्हां मुलींच्या संघांची खालची वस्त्रें गडद करण्यास कोणत्याही शाळेनें पुढच्या हंगामाची वाट पाहूं नये.

राहिला आपल्या कसमादे भागांतील शालेय सामन्यांचा प्रश्न. लोहोणेर, उमराणें, सटाणें, कळवण कोठीलही शाळा असो. खेळाच्या तासास पांढरा पोशाख असणाऱ्या दोन शाळा समोरासमोर आल्या कीं घोटाळा ठरलेला. यावर प्रत्येक पालकानें दुसरा सदरा घ्यावा हा उपाय आम्हांस मान्य नाहीं. शाळेनेंच गडद निळ्या कापडाच्या पंधरा बिनबाह्यांच्या बंड्या गांवांतील शिंप्याकडून शिवून घ्याव्या, त्यांवर पुढें-मागें मोठे पांढरे आंकडे असावेत, आणि त्या क्रीडाशिक्षकांच्या कपाटांत राहाव्या. रंग जुळला कीं यजमान शाळेच्या मुलांनीं त्या सदऱ्यावर चढवाव्या. मोठ्या स्पर्धांत रंग राखण्याचा मान यजमानास देतात हें आम्ही जाणतों. पण येथें पाहुणीं मुलें पहांटेच्या एस्. टी.नें दप्तरासारखी एक पिशवी घेऊन आलेलीं असतात, आणि बंड्या आपल्या कपाटांत असतात. बंड्या सैल शिवाव्या, म्हणजे आठवीच्या व दहावीच्या दोहोंच्याही अंगांस येतील. आणि सामन्यानंतर त्या धुण्याची पाळी संघांतील मुलांकडे असावी, त्यांच्या मातांकडे नव्हे.